दुधाच्या खाड्याशेजारी

मागं ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत छापलंय, ‘तरुण मुलींमधील एंडोमेट्रिओसिस आणि शस्त्रक्रिया’. शस्त्रक्रियेवर येतेच, पण आधी मला भिंतीवरच्या दिनदर्शिकेबद्दल बोलायचंय.

दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, भिशी, संकष्टी, सगळं आपण तिच्यावर मांडतो. पोरीची पाळी मात्र नाही. मांडलीच तर कोपऱ्यात बारीक फुली, तीही देवकार्यात अडचण नको म्हणून!

खानापूरकडची एक मुलगी, वय 17. दर महिन्याला दोन-तीन दिवस कॉलेज बुडायचं. बेळगावातल्या एका दवाखान्यात वडील घेऊन आले. त्यांच्या तोंडातून ‘पाळी’ काही निघेना. म्हणाले, ‘पोटात दुखालंय.’ सिस्टरनं कानडीत विचारलं, ‘होट्टे नोवा?’, म्हणजे पोटदुखी का? पोरीनं मान हलवली. डॉक्टरांनी लिहिलं, ‘ॲब्डॉमिनल पेन’. तीन भाषा झाल्या आणि तिन्हींतून पाळी गळाली. आणि आपण पाटीवरच्या अक्षरांसाठी किती भांडतो! हसू नका, मीही भांडलेय. तर, अपेंडिक्स काढलं. पुढच्या पाळीला पोट पुन्हा दुखलं.

मग ती माझ्याकडे आली. दुसऱ्याला नावं ठेवून झाली, आता माझं ऐका. सोनोग्राफी नॉर्मल आली आणि मी तिच्या आईला म्हणाले, ‘लग्न होऊन एक मूल झालं की थांबेल.’ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणवणारी मी! गरोदरपण हा एंडोमेट्रिओसिसवरचा इलाज नाही, आणि साध्या सोनोग्राफीत त्याचे बारीक डाग दिसत नाहीत.

दोन वर्षांनी ती माउली दिनदर्शिकांची सुरळी घेऊन आली. ‘डॉक्टरीणबाई, हे बघा की. फुली म्हणजे पाळी, गोल म्हणजे कॉलेज बुडलं, दोन गोल म्हणजे उलट्या.’ शौचाला दुखायचं त्याची वेगळी खूण. चोवीस पानं, दुधाच्या खाड्याशेजारी. माझ्या केसपेपरवर एवढी माहिती कधी नव्हती.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे काय, तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, ओटीपोटातल्या पडद्यावर, अंडाशयावर, कधी आतड्यावर रुजतं आणि पाळीच्या चक्राबरोबर तिथं सूज धरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननवयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हे असतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! म्हणजे ऑपरेशन पाच मिनिटांत उरकायचं.

दुर्बीण बेंबीतून घालतात, पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवून. पूर्वी निदानासाठीच ती घालायचा आग्रह असे; 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो सोडला. आधी लक्षणं, तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग हॉर्मोनच्या गोळ्या. त्यांनी भागलं नाही किंवा निदान अडलं तर दुर्बीण. कोवळ्या वयात डाग पुस्तकातल्यासारखे काळे नसतात. लाल असतात, नाहीतर पाण्याच्या फोडासारखे, म्हणून नजरेतून सुटतात. ते वरून जाळता येतात किंवा कापून काढता येतात. खोलवर गेले असतील तर नुसतं जाळून भागत नाही. आतडं गुंतलं असेल तर त्यातला सर्जन सोबत हवा.

अंडाशयातल्या गाठीत जुनं रक्त साठतं, म्हणून ती चॉकलेट सिस्ट. आपण कुंदा सिस्ट म्हटलं असतं! ती सोलताना अंडाशयाचा चांगला थरही थोडा जातो आणि स्त्रीबीजं घटतात. म्हणून विशीतल्या मुलीचं ऑपरेशन पुन्हापुन्हा नको, आणि गाठ काढण्याआधी एएमएचची, म्हणजे स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी करून घ्या. ऑपरेशननंतरही आजार परतू शकतो. लगेच मूल नको असेल तर गोळ्या चालू ठेवतात. ‘पिशवीच काढून टाका’ म्हणणाऱ्या मावश्या इथंही असतील. अहो, डाग पिशवीच्या बाहेर आहेत!

त्या मुलीच्या पोटात लाल डाग सापडले, काढले. दुखणं सगळं गेलं नाही, पण कॉलेज बुडायचं थांबलं.

दुसरी चिठ्ठी. बरं, बाकीचं चहाला विचारा. मागच्या रांगेतल्या वडीलमंडळींनीसुद्धा. मघापासून मोबाईल बघायचं नाटक चाललंय, मला दिसतंय.