सहा मिनिटं चाळीस सेकंद

(टोकियोत झालेल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

आत येताना दारावरचा आकाशकंदील सगळ्यांनी पाहिला असेल. तो ज्यांनी केला ते काका शेवटच्या रांगेत बसले आहेत. कितीतरी वर्षं कंदील तेच करतात. दर वर्षी आभारप्रदर्शनात 'सजावट' असा शब्द येतो, त्यापुढे त्यांचं नाव येतं आणि कार्यक्रम संपतो. मला हे फार दिवस सलत होतं. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले आणि कंदील कसा करतात ते दाखवा म्हटलं. जायचं होतं अर्ध्या तासासाठी, रात्रीचं जेवण करून परत आले.

बांबूच्या कामट्या तासताना ते गाठीची जागा टाळतात, कारण वाकवताना कामटी तिथेच मोडते. सांगाड्याचे सांधे दोऱ्याने बांधतात, खिळा कुठेच नाही. कागद चिकटवायला घरी शिजवलेली खळ, कारण ती वाळताना कागदाला हलकेच ताणून घेते. कागद मात्र इथला, 'वाशी' नावाचा जपानी हातकागद. तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीचा तो असतो, धागे लांब असतात, म्हणून पातळ असूनही सहज फाटत नाही. "पुण्यात असा कागद मला कधी मिळाला नव्हता," असं काका म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे सगळं त्यांनी इतक्या वर्षांत आपल्याला का सांगितलं नाही? आपण विचारलं नाही म्हणून. आपल्या व्यासपीठावर गाणाऱ्याला, नाटक करणाऱ्याला, पाहुण्या वक्त्याला जागा आहे. ज्याच्या हातात कसब आहे तो मात्र पडद्यामागे राहतो. त्याला समोर आणायची एक रीत मला सुचवायची आहे, आणि ती आपल्याच शहरात जन्मलेली आहे.

फेब्रुवारी २००३ मध्ये रोप्पोंगीत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन वास्तुविशारदांनी एक संध्याकाळ भरवली. दोघंही युरोपातून इथे आलेले, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच परगावी रुजलेले. तरुण डिझायनरांना आपलं काम चार लोकांसमोर मांडता यावं, अशी इच्छा होती. पण वास्तुविशारदाच्या हाती माइक दिला की तो थांबत नाही, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून नियम केला: २० चित्रं, प्रत्येक चित्र २० सेकंद, चित्रं आपोआप पुढे सरकणार. एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. नाव ठेवलं 'पेचाकुचा'. जपानीत गप्पांच्या आवाजाला हा शब्द आहे, आपल्याकडे चिवचिव म्हणतो ना, तसा. आज जगभरात हजाराहून जास्त शहरांत अशा संध्याकाळी झाल्या आहेत.

मी स्वतः लांब व्याख्यानांवर वाढले. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. वडिलांबरोबर तिथे बसून तासभर ऐकायची सवय मला लागली आणि तिचं मोल मला आजही वाटतं. विचार उलगडायला तास हवाच. पण हाताचं काम करणाऱ्या माणसाला तासभर बोल म्हटलं की तो घाबरतो, आणि मग कामाबद्दल सोडून बाकी सगळं बोलतो: शिक्षण कुठे झालं, नोकरी कशी लागली. २० सेकंदांत त्याला फारच थोडी वाक्यं मिळतात. समोर कामटीचं चित्र असतं. मग तो कामटीबद्दलच बोलतो.

आता आजींची गोष्ट सांगते. निशी-कासाईत आमच्या इमारतीत एक आजी लेकीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आल्या होत्या. येताना बॅगेत जुनी मऊ लुगडी घेऊन आल्या, नातीसाठी दुपटं शिवायला. खालच्या मजल्यावर एक जपानी बाई राहतात, त्या सशिको करतात. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने भरतात ते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पण आजींनी धावदोरा घातला आणि त्या बाईंनी आपलं कापड उलटून दाखवलं. टाका एकच! आमच्या वाकळेचा आणि त्यांच्या सशिकोचा.

गरजही एकच होती. जपानच्या उत्तरेकडे थंडीमुळे कापूस पिकत नसे, सुती कापड मोलाचं. जुन्या चिंध्या एकावर एक ठेवून, बारीक टाके घालून त्यांना ऊब आणि बळ द्यायचं, हे तिथल्या शेतकरी बायका करत आल्या. आपल्याकडे लुगडं विटलं, फाटलं की तेच केलं. त्या जपानी बाईंनी आजींना 'आसानोहा' शिकवला. आसानोहा म्हणजे 'आसा'चं, धाग्यासाठी लावतात त्या भांगेच्या जातीच्या झाडाचं, पान. हे झाड भराभर आणि सरळ वाढतं, तसं बाळ वाढावं म्हणून बाळाच्या कपड्यावर तो नमुना घालायची इथे पद्धत आहे. आजींनी दुपट्याच्या मधोमध तो घातला. चहूबाजूंनी आपला धावदोरा, काठाकडून आत येणारा.

या दुपट्याचे फोटो आजींच्या मोठ्या नातवाने काढले. तो बारा वर्षांचा आहे. वीसच फोटो काढायचे, असं मी त्याला सांगितलं होतं, आणि खरं काम तिथेच झालं. वीसच म्हटल्यावर निवड करावी लागते, आणि निवडायचं तर विचारावं लागतं. "आजी, आता काय करतेस?" "टीप घालते." "मग हे का काढलंस?" "थर सुरकुतला, म्हणून उसवलं." त्या एका दुपारी त्या मुलाला लुगडं, काठ, पदर, टाका, टीप, उसवणं, सुरकुती एवढे शब्द कळले. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, हे शब्द त्याला कधी शिकवले नव्हते. घरात त्यांची वेळच येत नाही. 'उसवणं' हा शब्द सुई हातात असली तरच तोंडात येतो.

आपण मराठीच्या शाळेत मुलांना रंग, फळं, नाती शिकवतो, ते चांगलंच आहे. पण कामाचे शब्द कामाबरोबरच राहतात. इथे येताना काम मागे राहिलं, तर शब्दही तिकडेच राहिले. म्हणून मला हाताच्या कामांचा असा पेचाकुचा कार्यक्रम मंडळाने करावासा वाटतो, फार मनापासून वाटतो.

नियम मूळचाच ठेवू, दोन बदल करून. एक, बोलून झालं की ती वस्तू रांगेतून हातोहात फिरेल. खळीने ताणलेला कागद बोटाला कळतो, पडद्यावर कळत नाही. दुसरा, फोटो काढायचं काम घरातल्या किंवा शेजारच्या मुलाचं. संगणकाची भीती कोणी बाळगू नये, ती बाजू मुलं सांभाळतील. मध्ये चहासाठी भरपूर वेळ ठेवू, कारण सहा मिनिटांत कोणी काही शिकत नाही. विचारावंसं मात्र वाटतं, आणि ते विचारणं चहाच्या कपाबरोबरच होतं.

गणपतीची मूर्ती इथल्या मातीत घडवणारे दादा आपल्यात आहेत. ठिपक्यांची रांगोळी मोजमापाशिवाय काढणाऱ्या दोन वहिनी आहेत. घरी तबला दुरुस्त करणारे एक जण आहेत, हे मला परवाच कळलं. अजून कोण कोण आहे ते मला माहीत नाही, म्हणून चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव स्वतःचं लिहा किंवा शेजाऱ्याचं लिहा. बरेच जण स्वतःचं लिहिणार नाहीत.

पण आज नुसतं बोलून मी खाली उतरणार नाही. आजींचा परतीचा प्रवास पुढच्या आठवड्यात आहे. वीस फोटो तयार आहेत, नातू संगणकापाशी बसला आहे, आणि दुपटं त्या जपानी ताईंच्या मांडीवर आहे, त्याही आल्या आहेत. आजी, या. माइक मी धरते, तुमचे हात मोकळे राहू देत.