आधी वाफे, मग राजवाडा

नमस्कार, श्रोतेहो. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई गिरगावातून आमच्याकडे साउदॅम्प्टनला आल्या होत्या. घरात सात आणि दहा वर्षांची दोन मुलं. तिघांचंही मन रमेल अशी जागा शोधता शोधता माझ्या नाकीनऊ आले. शेवटी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरला, बोटीत बसलो आणि आयल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बर्न हाउसला गेलो.

हे राणी व्हिक्टोरियाचं सुट्टीचं घर. ही जागा राणीने आणि तिच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, १८४५ मध्ये घेतली. जुनं घर पाडलं आणि थॉमस क्युबिट या बांधकामवाल्याला हाताशी धरून अल्बर्टने इटालियन धाटणीचा वाडा उठवला. समोरचा समुद्र बघून त्याला नेपल्स आठवायचं. आम्ही गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे नेपल्स काही दिसलं नाही.

आता एक चूक सांगते, तुम्ही करू नका. आधीच्या खेपेला आम्ही थेट वाड्यात शिरलो होतो. दालनामागून दालन, सोनेरी चौकटी, आणि पुढे दोरी बांधलेली. राणीने आपल्या तान्ह्या बाळांचे हातपाय संगमरवरात घडवून घेतले होते, ते काचेखाली ठेवलेत. ते बघून धाकटा इतका दचकला की तिथेच फतकल मारून बसला. पुढचा अर्धा तास त्याची समजूत काढण्यात गेला.

म्हणून या खेपेला उलटं केलं. वाड्याकडे पाठ करून सरळ स्विस कॉटेज गाठलं. बागेतून पंधरावीस मिनिटं चालायचं. राणीला नऊ मुलं. त्यांच्यासाठी १८५३-५४ मध्ये हे लाकडी घर बांधलं. आत मुलांच्या उंचीचं स्वयंपाकघर आहे. राजकन्या तिथे केक भाजायच्या आणि आईवडिलांना चहाला बोलवायच्या. बाहेर प्रत्येक मुलाचा वेगळा वाफा. छोटी फावडी, छोट्या हातगाड्या, आणि प्रत्येक गाडीवर ज्याची त्याची आद्याक्षरं, म्हणजे भांडणाला जागा नको! त्यांनी पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने विकत घ्यायचा. हे ऐकल्यावर आमच्या थोरलीने घरच्या कुंडीतल्या कोथिंबिरीचा दर काय लावायचा, याची बोलणी तिथेच सुरू केली. आईंनी नातीची बाजू घेतली. माझं काही चाललं नाही.

जवळच राजपुत्रांचा मातीचा किल्ला आहे, १८५६ सालचा. आई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "मावळे कुठायत? हळिव पेरलं असतं तर तट हिरवा झाला असता." दिवाळीत चाळीच्या अंगणात किल्ला करणाऱ्यांना इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

तिथून खाली समुद्रावर गेलो. १८४७ च्या जुलैत राणी पहिल्यांदा समुद्रात उतरली ती इथे. पण उतरली कशी? चाकांवरच्या लाकडी खोलीत बसून. खोली उतारावरून पाण्यापर्यंत न्यायची, राणीने आत कपडे बदलायचे आणि पडद्याआडून हळूच पाण्यात शिरायचं. ती खोली अजून तिथे आहे. राणीच्या पश्चात बरीच वर्षं तिचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं, नंतर ती दुरुस्त केली. धाकट्याला अख्ख्या ऑस्बर्नमधलं हे सगळ्यात जास्त आवडलं. पुऱ्या आम्ही तिथेच वाळूत बसून खाल्ल्या. तिकीट काही स्वस्त नाही, दिवसभर राहाल तरच वसूल होतं.

वाड्यात शिरलो ते दुपार कलल्यावर. मुलं दमलेली, म्हणून शांत. राणी १९०१ मध्ये इथेच वारली आणि पुढच्याच वर्षी तिच्या मुलाने हे घर देशाला देऊन टाकलं. तिची खासगी दालनं मात्र १९५४ पर्यंत बंदच होती.

आणि मग दरबार हॉल. पांढरीशुभ्र नक्षी, भिंतभर जाळ्या-महिरपी, शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. हे काम १८९०-९१ मधलं, पंजाबचे कारागीर भाई राम सिंग यांचं. त्यांचे गुरू लॉकवूड किपलिंग यांचाही आराखड्यात हात होता. हे किपलिंग लाहोरला जाण्याआधी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं त्यांचीच.

मी हे सांगितलं तशा आई थबकल्याच. "क्रॉफर्ड मार्केट? अगं, लग्न झाल्यापासून आंबे तिथूनच आणतेय मी. दारावर शिल्पं आहेत?"

"आहेत, आई."

"हातात पिशव्या असताना मान वर कोण करतं!"

मग त्या मोराखाली मान वर करून ज्या उभ्या राहिल्या, त्या हलेनातच. आमची बोट चुकली. उरलेल्या पुऱ्या धक्क्यावर संपल्या. नमस्कार.