पँथर : समोरून भक्कम, बाजूने पातळ, आतून नाजूक

नमस्कार श्रोतेहो. दुसऱ्या महायुद्धातला सगळ्यात भारी रणगाडा कोणता, हा वाद चारचौघांत निघाला की कुणीतरी पँथरचं नाव घेतंच. हा जर्मन पँथर होता तरी कसा, ते आज पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो : समोरून भक्कम, बाजूने पातळ, आतून नाजूक. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं मी सांगतो.

१९४१ मध्ये रशियात जर्मनांची गाठ टी-३४ शी पडली, आणि त्याला उत्तर म्हणून पँथर आला. आराखडा ‘मान’ (MAN) या जर्मन कंपनीचा. टी-३४ कडून उचललेली मुख्य गोष्ट म्हणजे तिरपं चिलखत. काकडी आडवी कापली तर चकती लहान निघते, तिरपी कापली तर लांबट. सुरीला तेवढं जास्त अंतर कापावं लागतं. गोळ्याचंही तसंच. पँथरची पुढची पाटी ८० मिलिमीटर जाडीची, पण उभ्या रेषेपासून ५५ अंश मागे कललेली. सरळ समोरून येणाऱ्या गोळ्यासाठी ती सुमारे १४० मिलिमीटरची झाली. बाजूची पाटी ४० मिलिमीटर, म्हणजे समोरच्याच्या निम्मी. चाकांमागचा खालचा भाग तर सरळ उभा. रशियन पायदळाकडच्या रणगाडाविरोधी बंदुकांची भीती तिथेच होती, म्हणून जर्मनांनी बाजूला पातळ पत्र्याचे पडदे टांगले. समोरून भक्कम, बाजूने पातळ, ते हे.

आता तोफ. ७५ मिलिमीटरची, पण नळी व्यासाच्या ७० पट लांब. गुणाकार करा, सव्वापाच मीटर. चिलखतभेदी गोळा सेकंदाला ९३५ मीटर वेगाने बाहेर पडायचा. वेग इतका असला की गोळ्याचा मार्ग जवळजवळ सरळ राहतो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. ही तोफ काय करायची, ते मी जर्मनांच्या तोंडून नाही, इंग्रजांच्या हातून सांगणार आहे.

ब्रिटिश कोल्डस्ट्रीम गार्ड्सची चौथी पलटण तेव्हा हॉलंडमध्ये होती. त्यांच्याकडे चर्चिल रणगाडे. चर्चिल ज्यांना पाहायचा असेल त्यांनी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठावं, तिथे एक उभा आहे. मुलांना मॉलमध्ये फिरवण्यापेक्षा तिथे न्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तर १९४४ साली ओव्हरलून गावाजवळ या पलटणीला एका कोठारात अख्खा पँथर सापडला. चालू स्थितीत! सैन्यात असा माल सापडला की वर कळवायचा आणि जमा करायचा. यांनी तो ठेवून घेतला, आपल्या बाजूची खूण म्हणून वर पांढरे तारे रंगवले, आणि नाव दिलं कक्कू. आपली कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते ना, तिचीच ही विलायती भावंडं. चर्चिलांच्या घरट्यात हे परकं पिल्लू.

पुढे मास नदीकाठच्या खेइस्टरेन किल्ल्यात जर्मन दबा धरून बसले होते. कक्कूला पुढे आणलं. तोफेने किल्ल्याच्या ठरवून दिलेल्या खिडक्यांमधून एकामागून एक गोळे आत धाडले. भिंतीला नाही श्रोतेहो, खिडकीतून! सव्वापाच मीटरची नळी आणि ९३५ चा वेग म्हणजे काय, ते इथे कळतं.

मग आला जानेवारी १९४५. जर्मनीत वाल्डेनराथच्या बाजूला कडाक्याची थंडी, रस्त्यावर काचेसारखा बर्फ. चर्चिल घसरून एकेक करत खड्ड्यात चाललेले. आणि त्यांच्याहून कितीतरी टन जड असलेला कक्कू आरामात चाललाय! कारण त्याच्या पायात होतं. पँथरचा पट्टा ६६० मिलिमीटर रुंद, चाकं ८६० मिलिमीटर व्यासाची आणि एकमेकांत गुंतवलेली. एवढ्या चाकांवर वजन वाटलं गेलं की पट्टा जमिनीला सगळीकडे सारखा टेकतो. ४५ टनांचं धूड, पण चाल हलकी.

इथे थोडं विषयांतर. हीच गुंतवलेली चाकं दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर यायची. आतल्या रांगेतलं एक चाक बदलायचं तर आधी त्याच्यावर चढलेली बाहेरची चाकं उतरवा. रात्री चाकांमधला चिखल गोठला तर सकाळी गाडी जागची हलायची नाही. हल्लीच्या काही मोटारींत हेडलाइटचा दिवा बदलायला बंपर खोलावा लागतो, तसलाच हा प्रकार. आराखडा काढणाऱ्याला वर्षातून एक महिना गॅरेजमध्ये पाना हातात देऊन बसवलं पाहिजे, असं माझं फार जुनं मत आहे. असो.

तर कक्कू. फेब्रुवारीत ऱ्हाइनकडे मोठी चढाई सुरू झाली आणि ऐन वेळी त्याचा पेट्रोल पंप गेला. रस्त्यावरचा नव्हे, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा. तो पंप ब्रिटिश भांडारात मिळणार कुठून? ज्या गोळ्यांना घाबरायचं ते त्याला लागलेच नाहीत. हाताच्या पंजाएवढ्या भागापायी तो सोडून द्यावा लागला.

तुम्ही म्हणाल, परक्यांच्या हातात सुटे भाग नव्हते म्हणून असं झालं. मग घरच्यांचं ऐका. ५ जुलै १९४३ ला रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत पँथर पहिल्यांदा उतरले, एकूण २००. पाच दिवसांनी, १० जुलैच्या संध्याकाळी, आघाडीवर चालू स्थितीत उरले १०. पुन्हा सांगतो, २०० पैकी १०. सगळे काही शत्रूने मारले नव्हते. बरेच सुरुंगांवर गेले, गोळेही लागले, पण इंजिन आणि गिअरने दगा दिलेलेही ढिगाने होते. इंजिनाचा कप्पा पाण्यातून जाता यावं म्हणून बंदिस्त केलेला. त्यात गळकं पेट्रोल साचायचं आणि पेट घ्यायचं.

वेळ थोडा उरलाय, म्हणून मुख्य दुखणं भराभर सांगतो. आराखडा सुरू झाला तेव्हा वजन धरलं होतं ३० ते ३५ टन. मग हिटलरने समोरचं चिलखत ६० वरून ८० करायला लावलं. असं वाढत वाढत ते ४५ टनांवर गेलं. इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या दातेरी चाकांना जोर देणारी शेवटची गिअरची जोडी, म्हणजे फायनल ड्राइव्ह. तिथे हवे होते मजबूत ग्रहमाला पद्धतीचे गिअर, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात तसले. पण ते कापणारी यंत्रं जर्मनीत पुरेशी नव्हती, म्हणून साधे सरळ दातांचे गिअर बसवले. हलक्या गाडीचे गिअर जड गाडीला. नवख्या चालकाने जागेवर गर्रकन वळवली की दात तुटायचे. आणि गिअरबॉक्स काढायचा तर चालकाच्या डोक्यावरचं छत उघडून क्रेन लावायची.

युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी काही पँथर आपल्या सैन्यात वापरले आणि १९४७ साली हिशेब मांडला. फायनल ड्राइव्हचं सरासरी आयुष्य निघालं १५० किलोमीटर. पुण्याहून निघालात, तर साधारण दादर येईपर्यंत. परत यायला रेल्वेची वाघीण. जर्मनही लांबच्या पल्ल्याला पँथर रेल्वेनेच न्यायचे.

नमस्कार.