मोठा मासा, मधल्या किमतीचं रील

नमस्कार मंडळी.

गळाने मासे धरायच्या रीलचं खोकं हातात घेतलं की त्यावर दोन आकडे सगळ्यांत ठळक दिसतात. कमाल ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणारा रीलमधला घर्षणाचा रोध, इतके किलो आणि बेअरिंगं इतकी. मधल्या किमतीचं रील घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा हेच दोन आकडे ताडून बघतो आणि मोठ्या आकड्याचं रील घरी नेतो. खाऱ्या पाण्यातल्या जोरकस माशासाठी या दोन आकड्यांवर जाऊ नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पैसे कुठे घालायचे ते आज बोलू. मधली किंमत म्हणजे मी साधारण १२ ते ३५ हजार रुपये धरतो. शिमानो कंपनीचं स्टेला किंवा दायवा कंपनीचं साल्टिगा याच्या कितीतरी वर जातं, त्यांचा विषय आज नाही. आणि मी बोलतोय ते स्पिनिंग रीलबद्दल, म्हणजे ज्यात हँडल फिरवलं की स्पूल (दोरी ज्यावर गुंडाळली जाते ते) जागेवर राहतं आणि भोवतीचा रोटर फिरून दोरी गुंडाळतो, कारण आपल्याकडे ल्यूर, म्हणजे नकली आमिष, फेकणारे बहुतेक जण तेच वापरतात.

रीलच्या आधी मासा बघावा लागतो. गळाला लागल्यावर तो कुठे पळणार? अंदमानातला जायंट ट्रेव्हॅली, ज्याला आपण सगळे जीटी म्हणतो, तो प्रवाळाच्या कडेला, लाटा फुटतात तिथे शिकार करतो. पॉपरवर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करत ओढायच्या ल्यूरवर, तुटून पडला की लगेच खाली, प्रवाळाकडे वळतो. पहिल्या वीस-तीस मीटरांत त्याला वळवलं नाही तर दोरी प्रवाळावर घासते आणि खेळ संपतो. स्पूलवर तीनशे मीटर दोरी असली तरी त्या क्षणी तिचा काही उपयोग नाही. तिथे हवा जड आणि एकसारखा ड्रॅग, आणि ताणाखाली न पिळवटणारी बॉडी. हा मासा किती वाढतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो, गळावर धरलेल्या जीटीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, जपानच्या तोकारा बेटांजवळ २००६ साली झालेला.

उघड्या समुद्रातली सुरमई, कुपा, सेलफिश यांची तऱ्हा वेगळी. त्यांना लपायला जागा नाही, म्हणून ते लांब पळतात. सुरमईला फार घट्ट धरलं तर गळ तोंडातून फाटून निघतो. तिथे ड्रॅग हलका ठेवायचा, दोरी भरपूर भरायची आणि पळणाऱ्या माशाला पळू द्यायचं. रत्नागिरी-देवगडच्या कातळावर उभं राहून गरवणाऱ्याची परिस्थिती या दोन्हींच्या मधली. पायाखाली खडक, समोर मोकळं पाणी. तांबोशी लागली तर ती कपारीत शिरायला बघते, सुरमई लागली तर क्षितिजाकडे निघते. एकाच रीलला दोन्ही कामं करावी लागतात, म्हणून कोकणातल्या माणसाने रील निवडताना अंदमानला जाणाऱ्यापेक्षाही जास्त विचार करावा असं मला वाटतं.

आता ड्रॅग. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण रीलचा जीव इथे आहे.

समजा तुम्ही ६५ पौंडांची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी भरलीत. म्हणजे साधारण साडेएकोणतीस किलो. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा, ही जुनी आणि खरी रीत आहे. म्हणजे साडेसात ते पावणेदहा किलो. त्यात गाठी दोरीपेक्षा कमकुवत, म्हणून मी खालच्या आकड्याकडे झुकतो. हलत्या होडीत उभं राहून आठ किलोचा ताण रॉडवर सतत पेलणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. कंबर आणि खांदे बोलतात. मग खोक्यावरचे २५ किलो कुणासाठी? बहुतेकांच्या आयुष्यात ते कधी वापरलेच जात नाहीत. आठ किलोवर लावलेला ड्रॅग शेवटपर्यंत आठच्या आसपास, न अडखळता चालतो का, हे बघायचं.

त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पूलवरची दोरी कमी झाली की ड्रॅग आपोआप वाढतो. ड्रॅगच्या आतल्या चकत्यांचं घर्षण तेवढंच असतं, पण दोरी आता लहान वर्तुळावरून सुटत असते. भरलेल्या स्पूलचा व्यास ७ सेंटिमीटर असेल आणि मासा दोरी घेऊन गेल्यावर तो ५ वर आला, तर आठ किलोचे अकरा किलो होतात. शिवाय पाण्यातल्या लांब दोरीला पाणी धरून ठेवतं, तो ताण वेगळाच. मासा लांब गेल्यावर घाबरून ड्रॅग आवळणारे खूप जण आहेत. त्यांची दोरी तिथेच तुटते. लांब गेला तर उलट थोडा सैल करायचा.

दुसरी गोष्ट उष्णता. आठ किलोच्या ताणाविरुद्ध माशाने वीस सेकंदांत शंभर मीटर दोरी नेली, तर सुमारे ८ हजार ज्यूल ऊर्जा त्या छोट्याशा चकत्यांत उतरते. म्हणजे तेवढा वेळ आत ४०० वॉटचा हीटर चालू ठेवल्यासारखं झालं. खाडीतल्या कामाला वंगण लावलेल्या फेल्टच्या चकत्या छान चालतात, आणि सुरुवातीला अगदी मऊ सुटतात. पण अशी धाव पुन्हा पुन्हा झाली की त्या दबतात, वंगण पातळ होतं आणि ड्रॅग बदलायला लागतो. कार्बन फायबरच्या चकत्या ही उष्णता सोसतात. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: चकत्या कशाच्या? किती आहेत? स्पूलच्या फक्त वरच्या बाजूला आहेत की खालीही आहेत?

दुकानात याची परीक्षा करता येते. दुकानदाराला थोडी दोरी बांधायला सांगा, स्पूल फिरायला लागेल असा ड्रॅग लावा आणि सामान मोजायचा छोटा हातकाटा दोरीला अडकवून सावकाश ओढा. सुटताना काटा पाचवर जाऊन नंतर तीनवर येत असेल, तर ते रील मोठ्या माशासाठी घेऊ नका. माशाने झटका दिला त्या क्षणी दोरीवर येणारा ताण तो पहिला पाच असतो. सुटतानाचा आणि चालतानाचा आकडा जितका जवळ, तितकं रील चांगलं. १४ हजारांचं रील या परीक्षेत ३० हजारांच्या बरोबरीला बसलेलं मी पाहिलं आहे.

जरा मागे जाऊ, म्हणजे ड्रॅगचं मोल कळेल. कॅलिफोर्नियाच्या सांता कॅटलिना बेटावर १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८३ पौंडांचा ब्लूफिन टूना रॉडवर धरला आणि त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब उभा राहिला. त्या वेळच्या रीलला ड्रॅग नव्हता. मासा पळाला की हँडल उलटं गरगर फिरायचं, बोटं ठेचायची. दोरी रोखायला स्पूलवर चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून धरायची. त्याच बेटावर गरवणाऱ्या विल्यम बॉशन यांनी रीलच्या आतच घर्षणाच्या चकत्या बसवून घेण्याची कल्पना लढवली, न्यूयॉर्कच्या युलियस व्होम होफ यांनी ते रील घडवलं, आणि १९१३ साली बॉशन यांनी त्यावर ब्रॉडबिल स्वोर्डफिश धरला. रॉड-रीलवर धरलेला तो पहिला. आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याला नुसत्या हातदोरीवर गरवणारे लोक आजही आहेत. दोरी कधी सोडायची, कधी धरायची हे त्यांची बोटंच ठरवतात. मासा खेळवणं शिकायचं असेल तर एखाद्या सकाळी त्यांच्या होडीत बसा. ड्रॅगने काय करायला हवं ते तिथे समजतं.

बॉडीकडे येऊ. ताणाखाली बॉडी किंचित जरी पिळली तरी आतल्या गिअरचे दात एकमेकांपासून सरकतात. हँडल जड होतं, करकरतं, आणि एक दिवस दात उडतात. ग्रॅफाइटची म्हणून विकली जाणारी बॉडी हलकी असते आणि तिला गंज लागत नाही, पण आठ-नऊ किलोच्या ताणाला मी ॲल्युमिनियमचीच सुचवेन. गिअर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा आहे, की दाबून किंवा कोरून घडवलेला, हेही विचारा. हँडल थेट गिअरमध्ये आट्यांनी बसणारं घ्या. आरपार बोल्टवालं कालांतराने खडखडतं.

एक भाग कुणी विचारत नाही, तो म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारं एकदिशा बेअरिंग. त्यात जाड ग्रीस गेलं की त्याचे रोलर वेळेवर पकडत नाहीत. माशाने झटका दिला की हँडल उलटं फिरतं आणि बोटांवर आपटतं. घरी रील उघडून सगळीकडे ग्रीस थापण्याची सवय असणाऱ्यांनी एवढी जागा सोडावी. तिथे अगदी पातळ तेलाचा थेंब पुरतो.

बेअरिंगांची संख्या मी बघतच नाही. बेलवरच्या (दोरी स्पूलकडे वळवणाऱ्या तारेच्या कडीवरच्या) लाइन रोलरमध्ये, म्हणजे दोरी ज्यावरून सरकते त्या छोट्या चाकात, बेअरिंग आहे का आणि ते पाण्यापासून जपलेलं आहे का, एवढं बघतो. खाऱ्या पाण्याने बहुतेक वेळा आधी तेच जातं. रोलर अडकला की दोरी एकाच जागी घासत राहते.

पाणी आत जाऊ नये म्हणून कंपन्या आयपीएक्स असे आकडे देतात. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकतं, ६ म्हणजे जोरदार फवाऱ्याला, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तरी चालतं. या चाचण्या गोड्या पाण्यातल्या आणि नव्या रीलवरच्या. सीलचं रबर झिजतं. कातळावरून गरवणाऱ्याला सील हवंच, कारण अंगावर लाट येतेच. होडीवरून गरवणाऱ्याने सीलसाठी फार जास्त पैसे मोजायची गरज नाही.

गिअर रेशोत, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर किती फेरे घेतो त्यात, फार अडकू नका. पॉपर आणि वेगाने ओढायच्या ल्यूरला सहाच्या आसपासचा रेशो सोयीचा. एका फेऱ्यात मीटरभराहून जास्त दोरी येते, म्हणजे मासा तुमच्याकडे पळत आला तरी दोरी ढिली पडत नाही. खोल पाण्यातून जड मासा उपसायचा असेल तर पाचच्या खालचा बरा.

नावं सांगा, असं मघाशी कुणीतरी म्हणालं. जीटीसाठी मी शिमानोचं सारागोसा एसडब्ल्यू, पेन कंपनीचं स्लॅमर ४ आणि दायवाचं साल्टिस्ट एमक्यू यांतून निवडेन. बजेट कमी असेल तर दायवाचं बीजी एमक्यू किंवा पेनचं स्पिनफिशर. एमक्यू मालिकेत बाजूचं झाकण स्क्रूऐवजी स्वतःच्याच आट्यांवर बसतं, त्यामुळे आत मोठा गिअर मावतो. मात्र ते घरी उघडायला खास हत्यार लागतं. पेनची रील उघडायला सोपी. मापांच्या आकड्यांनी मात्र फसू नका. दायवाच्या जुन्या बीजीतलं ८००० आणि बीजी एमक्यूमधलं ८००० यांचं माप एक नाही, जुनं बरंच मोठं आहे. कंपनी बदलली की गोंधळ आणखी वाढतो. स्पूलवर कुठल्या जाडीची दोरी किती मीटर मावते ते वाचा आणि रील हातात धरून वजन बघा. दिवसभर पॉपर फेकायचा आहे. आणि सुटे भाग मिळतील का, हे पैसे देण्याआधी विचारा. चकत्यांचा संच आणि रोलरचं बेअरिंग मिळणार नसेल तर मी ते रील घेणार नाही, कितीही चांगलं असो.

दोरी भरताना धातूच्या स्पूलवर आधी थोडी नायलॉनची भरा, नाहीतर ब्रेडेड दोरी स्पूलवर घसरते आणि ड्रॅग सुटतोय असा भास होतो. ओल्या फडक्यातून ताणून भरा. सैल भरलेल्या दोरीत वरचे वेढे ताणाखाली रुततात. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, जोराचा फवारा नको, तो खार आत ढकलतो. पुसा, आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून राहतात.

जीटी बहुतेक जण सोडून देतात, आणि द्यावाच. योग्य ड्रॅग असेल तर तो लवकर होडीजवळ येतो आणि पोहून जाण्याइतकी ताकद त्याच्यात शिल्लक असते. हलक्या रीलवर तासभर दमवलेला मोठा मासा सोडला तरी जगेलच असं नाही. मधल्या किमतीतलं का होईना, पण पुरेसं मजबूत रील घ्या, असं मी म्हणतो त्यामागे हेही कारण आहे.

जुनं, वापरलेलं रील घ्यावं का, असा प्रश्न आला आहे. घ्यावं, पण तपासून. हँडल अगदी सावकाश फिरवा, वेगात फिरवलं की खडखड लपते. रोटर हाताने धरून मागेपुढे हलवा. एकदिशा बेअरिंग सैल असेल तर तिथे कळतं. लाइन रोलर बोटाने फिरतो का बघा. स्पूल काढा आणि मधल्या दांड्यावर गंजाचे ठिपके किंवा पांढरी भुकटी आहे का पाहा. ड्रॅगची घुंडी पूर्ण उघडून चकत्या बाहेर काढू द्यायला विकणारा तयार नसेल तर ते रील घेऊ नका. आणि हातकाटा सोबत न्या. वर सांगितलेली परीक्षा जुन्या रीलवर करायलाच हवी.