कोनाड्यातली पेशी

(सांगलीतल्या एका जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

द्राक्षाची तोड झाली की बांधावर टाकलेले फुटके मणी दोन दिवसांत आंबतात आणि त्यांच्यावर चिलटं जमतात. तासगावकडून आलेल्यांना हे सांगायला नको. आंब्या-पेरूला डंख करणारी फळमाशी वेगळ्या कुळातली; तिचा राग या बिचाऱ्यावर काढू नका, याला फक्त आंबलेलं लागतं. आज आपण या चिलटाच्या नराच्या पोटात शिरणार आहोत. समोर शाळेतली मुलं आहेत म्हणून आडवळणं घेणार नाही. वृषणाला वृषणच म्हणेन.

जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या या जीवाचं वृषण उलगडलं तर २ मिलिमीटर भरतं. पिवळसर नळी, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, एका टोकाला बंद. मिठाच्या पाण्याच्या थेंबात दोन चिमट्यांनी ती सोडवायची. शिकत होतो तेव्हा माझ्या हातून नेमकं ते बंद टोकच तुटायचं, आणि सगळी गंमत त्या टोकातच आहे.

तिथे १०-१५ पेशींचा घट्ट पुंजका असतो. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा डोळ्यांपुढे आणा. या तुंब्याला चिकटून ८-१० मूलपेशी, म्हणजे दुभंगून नव्या पेशी देत राहणाऱ्या आणि स्वतःही टिकणाऱ्या पेशी, गोल करून बसलेल्या. शुक्राणूंची सगळी पैदास या मूठभर पेशींची. मूलपेशी दुभंगली की एक तुंब्यापाशी राहते, दुसरी बाहेर पडते. बाहेर पडलेली चार वेळा दुभंगून १६ होते, आणि त्यांचे शेवटी ६४ शुक्राणू. एकेक शुक्राणू माणसाच्या शुक्राणूच्या तीसेक पट लांब! नळी फाटली की शेवयांचा गुंता वळवळावा तसे दिसतात.

आत कोण आणि बाहेर कोण, हे नशिबावर सोडलेलं नाही. पेशी दुभंगताना आत धाग्यांची चाती तयार होते. तिच्या दोन टोकांना दोन तारककाय, म्हणजे धागे जिथून निघतात ते ठिपके, एक जुना आणि एक नवा. जुना तुंब्याकडे राहतो, नवा बाहेर जाणारीच्या वाट्याला येतो. युकिको यामाशिता आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे दाखवलं.

अशा जागेला इंग्रजीत ‘निश’ म्हणतात, म्हणजे आपला कोनाडा. जुन्या वाड्यात भिंतीत दिव्यासाठी असायचा तो. १९७८ मध्ये स्कोफिल्ड या शास्त्रज्ञांनी रक्ताच्या मूलपेशींसाठी ही कल्पना मांडली. पण हा बघा कोनाडा, असं बोट ठेवून दाखवता आलं ते चिलटात.

तुंबा ‘अनपेअर्ड’ नावाचं प्रथिन सोडतो, म्हणजे शेजारच्या पेशींना निरोपच धाडतो. २००१ मध्ये दोन गटांचे शोधनिबंध एका नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. त्यांत दिसलं ते असं. हे प्रथिन जागा सोडून इतरत्रही तयार करायला लावलं, तर नळी मूलपेशींसारख्या पेशींनी गच्च भरते. वाटलं, झालं, निरोप सापडला. पण प्रत्येक मूलपेशीला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसलेल्या सोबती पेशी असतात, त्यांच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नव्हतं. २०१० मध्ये लेदरमन आणि डिनार्डो यांनी दाखवलं की बीजाच्या, म्हणजे शुक्राणू देणाऱ्या मूलपेशींना हा निरोप लागतो तो मुख्यतः तुंब्याला धरून राहायला. मूलपेशी म्हणून टिकायला सोबती पेशी लागतात. मालकानं ओसरी दिली, पण भाकरी शेजारी घालतात, असला प्रकार.

मला सगळ्यात आवडतो तो २००४ चा ब्रॉली आणि मॅटुनिस यांचा प्रयोग. तापमान वाढवून त्यांनी निरोप तात्पुरता बंद पाडला. मूलपेशी कोनाडा सोडून गेल्या, जागा ओस पडली. निरोप पुन्हा सुरू केल्यावर बाहेर पडून दुभंगलेल्या, एकमेकींना जोडलेल्या पेशी सुट्या झाल्या, मागे फिरल्या, तुंब्याला चिकटल्या आणि परत मूलपेशी झाल्या. म्हणून मी म्हणतो, मूलपेशी हे पाटीलकीसारखं वतन नाही, सरपंचपद आहे.

तुतीची लागवड करणाऱ्या एका काकांनी मघाशी विचारलं, रेशमाच्या किड्यात असं असतं का? असतं. व्हेर्सन नावाच्या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच त्याच्या वृषणाच्या टोकाशी एक मोठी पेशी पाहिली होती. तिला आजही त्यांचं नाव आहे.

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून ठेवलाय. मुलांना आधी जाऊ द्या, आणि जरा घाई करा. मिठाच्या पाण्यात ही नळी फार वेळ ताजी राहत नाही.