शेवटच्या इनिंगचा माणूस: मारियानो रिव्हेरा

ही खुर्ची बघा, तुटलेल्या बॅटी जोडून बनवलेली रॉकिंग चेअर. 2013 साली मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल टीमने ती न्यूयॉर्क यँकीज टीमच्या मारियानो रिव्हेराला दिली, रिटायर होणार होता म्हणून. म्हणजे ज्यांच्या बॅटी तो मोडायचा त्यांनीच दिलेली भेट.

रिव्हेरा रिलीफ पिचर. पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉलर. सुरुवातीचा पिचर दमला, मार खायला लागला की मागच्या बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर वॉर्मअप करतात तिथून, ज्याला बोलावतात तो. त्यातही क्लोजर, म्हणजे दोन-तीन रनांची आघाडी आहे, शेवटची इनिंग आहे (बेसबॉलची इनिंग छोटी, तीन आऊट की संपली), ती सांभाळून मॅच संपवायची, मग नावावर एक सेव्ह लागतो. आपल्याकडे शेवटची ओव्हर टाकणारा बॉलर असतो ना, तसं, फक्त जवळजवळ दरवेळी तीच ओव्हर. बरेच जण म्हणतात एका इनिंगचं काम, त्यात काय एवढं. मला हे अजिबात पटत नाही, आणि ही सगळी फिल्म त्याच्यासाठीच आहे.

हे पनामातलं पोर्तो काईमितो. मच्छीमारांचं गाव, वडील बोटीवर कॅप्टन. पोरांकडे ग्लोव्ह नाही म्हणून दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा ग्लोव्ह, झाडाच्या फांदीची बॅट, आणि जुन्या जाळ्याचे तुकडे टेपने गुंडाळून केलेला बॉल. शिक्षण लवकर सुटलं, मग वडिलांबरोबर समुद्रावर. पिचर व्हायचं असं काही डोक्यात नव्हतंच, पनामा ओएस्ते टीममध्ये मिळेल तिथे खेळायचा. एके दिवशी त्यांच्या पिचरला फार मार पडायला लागला तेव्हा हा म्हणाला मी टाकतो, आणि टाकलं. पुढे यँकीजचे स्काऊट, म्हणजे नवे खेळाडू शोधणारे, हर्ब रेबर्न आले, ज्यांनी आधी त्याला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) म्हणून बघून सोडून दिलं होतं, त्यांनीच 1990 ला सही घेतली.

मे 1995 चा पहिला सामना सुरुवातीचा पिचर म्हणून, सव्वातीन इनिंगच्या आसपास पाच रन दिले, टीम 0-10 हरली. त्याला खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये पाठवलं. पुढच्या वर्षी तो बुलपेनमध्ये पक्का झाला आणि 1997 पासून क्लोजर.

आता इथे जरा हळू बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. जून 1997. सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर नुसती कॅच-कॅच चाललीये आणि मेंडोझा वैतागतोय, कारण रिव्हेराचा सरळ फास्टबॉल शेवटच्या क्षणी बाजूला सरकतोय, पकडताच येत नाहीये. रिव्हेराने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. कोच मेल स्टॉटलमायर आणि रिव्हेरा बॉल सरळ करायच्या मागे लागले, होईना, मग सोडून दिलं आणि म्हणाले राहू दे, हाच टाकू. हा कटर. पकड जवळपास साध्या फास्टबॉलसारखीच, मधल्या बोटाचा किंचित दाब जास्त, वेग ताशी 150 किलोमीटरच्या आसपास. डावखुऱ्या बॅटरला वाटतं मधोमध आलाय, तो बॅट फिरवतो आणि बॉल शेवटी आत सरकून बॅटच्या बारीक दांड्यावर बसतो, की तुटली. हा 1999 च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे सीझनच्या फायनलमधला, अटलांटाचा रायन क्लेस्को बघा, एकाच खेपेला तीन बॅटी मोडल्या आणि त्याचाच टीममेट चिपर जोन्स डगआऊटमध्ये हसतोय. कटर येणार हे सगळ्या स्टेडियमला माहिती असायचं, तरी बॅटरला खेळता यायचा नाही. सोळा-सतरा वर्षं बहुतेक हाच एक बॉल, त्याला तुम्ही काय एका इनिंगचं काम म्हणणार?

2001 च्या वर्ल्ड सिरीजची सातवी, शेवटची मॅच, समोर ॲरिझोना. लुईस गोन्झालेझची बॅट इथेही मोडली, पण बॉल हवेत तरंगत इनफिल्डच्या मागे पडला आणि सिरीज गेली. असंही होतं.

19 सीझन, सगळे यँकीजकडे. पाच वर्ल्ड सिरीज जिंकल्या, 652 सेव्ह, प्लेऑफमध्ये इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी, 0.70. मेजर लीगमधला वर्णभेद मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन, त्याच्या सन्मानार्थ जर्सीचा 42 नंबर 1997 मध्ये सगळ्या लीगने बंद केला, ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांना ठेवता आला, त्यातला शेवटचा रिव्हेरा. मे 2012 मध्ये कॅन्सस सिटीला मॅचआधी बॉल पकडता पकडता गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, वय 42, सगळ्यांना वाटलं संपलं. तो परत आला.

26 सप्टेंबर 2013, यँकी स्टेडियम, त्याची शेवटची मॅच. एरवी पिचरला काढायला मॅनेजर येतो, इथे त्याचे जुने टीममेट जीटर आणि पेटिट चालत येतायत. हे तुम्हीच बघा, मी बोलत नाही.

2019 मध्ये हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानाचं, मतदान झालं, 425 पैकी 425 मतं त्याला. त्याआधी एकमताने कुणीच निवडून आलं नव्हतं, ना कुठला बॅटर ना कुठला सुरुवातीचा पिचर, आणि पहिला आला तो रिलीफ पिचर.