दाराच्या फटीतून दिसलेला खून

मंडळी, आज ज्या पिक्चरबद्दल बोलायचंय त्याचं नाव 'टायगर बे'. १९५९ चा, ब्रिटिश, ब्लॅक अँड व्हाइट. मी ज्यांना ज्यांना याबद्दल विचारलं त्यातल्या बहुतेकांनी नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं, आणि मलाही तो सापडला ते उलट्या वाटेनेच. 'गन्स ऑफ नॅव्हरॉन' आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलेला असतो, त्याचा दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन, तर हा माणूस त्याआधी काय करत होता म्हणून मी एकेक पिक्चर मागे मागे जात होतो आणि नॅव्हरॉनच्या दोनच वर्षं आधी हे निघालं. रात्री अर्धा तास बघू म्हणून लावला तो संपेपर्यंत जागचा हललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून बघितला.

टायगर बे ही वेल्समधल्या कार्डिफ बंदराला लागून असलेली वस्ती. जगभरातले खलाशी तिथे उतरले, राहिले, संसार थाटले, सोमाली, येमेनी, वेस्ट इंडियन, सगळे एकाच गल्लीत. थॉम्पसनने बराचसा भाग खऱ्या ठिकाणी शूट केला. पुढे १९६० च्या दशकात त्या वस्तीतली बरीच जुनी घरं पाडली गेली, त्यामुळे पिक्चरमध्ये पाठीमागे दिसणारे रस्ते आता फक्त पिक्चरमध्येच उरलेत. मी तर दुसऱ्यांदा बघताना निम्मा वेळ त्या भिंती आणि दारंच बघत होतो.

तर या वस्तीत गिली नावाची एक मुलगी आहे. आई-बाप नाहीत, आंटीकडे राहते, खोटं बोलायची सवय, पोरांशी मारामाऱ्या करते. तिला एकच गोष्ट हवीय, टिकल्यांचं पिस्तूल, कारण ते असल्याशिवाय पोरं तिला काउबॉयच्या खेळात घेत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा. कारण थोड्याच वेळात ही मुलगी एका दारातल्या टपालाच्या फटीतून आत बघते, आणि आत एक पोलिश खलाशी, कॉर्चिन्स्की, भांडणाच्या भरात आपल्या प्रेयसीला गोळी घालतो. तो पिस्तूल लपवतो आणि गिली ते उचलून पळते. पुरावा म्हणून नाही हो, पिस्तूल हवं होतं म्हणून! सगळी गोष्ट या एका हट्टावर उभी आहे आणि म्हणूनच ती खोटी वाटत नाही.

आता खून कोणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच कळलं, मग थ्रिलर कसला? मला सांगायचंय ते हेच. इथला सगळा सस्पेन्स त्या मुलीच्या खोटं बोलण्यात आहे. खुनी तिच्या मागे लागतो, तिला गाठतो, आणि आपण श्वास रोखून बसलेलो असताना हळूहळू त्या दोघांची दोस्ती होते, कारण दोघंही एकटे आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्याशी मन लावून खेळतंय. मग ती त्याला वाचवायला पोलिसांशी खोटं बोलायला लागते, भलत्याच माणसाकडे बोट दाखवते. तिकडे त्याचं जहाज निघालंय, किनाऱ्यापासून तीन मैलांची हद्द ओलांडली की पोलिसांना हात लावता येणार नाही, म्हणजे तिची प्रत्येक थाप त्याला आणखी थोडा वेळ मिळवून देते. खुन्याच्या हातून लहान मुलगी सुटते का, असे पिक्चर ढिगाने आहेत, पण इथे ती मुलगीच सगळ्यांना नाचवते आणि तिला स्वतःलाही पुरतं कळत नसतं की ती कोणाला वाचवतेय.

गिली झालेली हेली मिल्स तेव्हा १२ वर्षांची होती, हा तिचा पहिला मोठा रोल. मूळ कथेत हे पात्र मुलाचं होतं! पिक्चरमध्ये तपास करणारा सुपरिंटेंडंट म्हणजे जॉन मिल्स, तिचे खरे वडील, त्यांच्या घरी थॉम्पसनने हेलीला पाहिलं आणि मुलाची मुलगी केली. बर्लिन फेस्टिव्हलमध्ये तिला खास सिल्व्हर बेअर पारितोषिक मिळालं, बाफ्टाने, म्हणजे ब्रिटनच्या फिल्म अकादमीने, सर्वात आश्वासक नवोदित म्हणून निवडलं, आणि लगेच डिस्नेने उचललं. माझ्या मते पिक्चर मागे पडायचं हेच एक कारण असावं, डिस्नेची गोड मुलगी म्हणून ती एवढी लोकप्रिय झाली की हा मळकट गुडघ्यांचा, बंदरातला रोल कोणाला आठवेनासा झाला. खलाशी झालेला होर्स्ट बुखहोल्झ, त्यालाही लोक ओळखतात ते पुढच्याच वर्षीच्या 'मॅग्निफिसंट सेव्हन'मुळे. सगळ्यांची नावं मोठी झाली आणि ज्यात ती एकत्र होती तो पिक्चर राहिला बाजूला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चौकशीचे सीन बघताना एक करा, संवादांपेक्षा चेहरे बघा. समोर खरे वडील बसलेत, ते विचारतायत, आणि ती सरळ डोळ्यात बघून थाप मारतेय, मध्येच नजर खाली जाते, परत वर येते. हे शिकवून येत नाही. ती ढोंगी वाटत नाही कारण खोटं बोलताना ती ते खोटं आतून जगत असते, मुलं जगतात तसं.

शेवट सांगणार नाही. फक्त जहाजावरचा एक सीन सांगतो, दोघांना समोरासमोर उभं केलंय, विचारलंय की ओळखता का एकमेकांना. तो म्हणतो नाही. ती म्हणते नाही. त्या क्षणी कॅमेरा तिच्यावरून हटूच नये असं मला दर वेळी वाटतं.